नावाचा घास

उमरखेडला मे महिन्यात घटपर्णी जगवायची, तर कुलरसमोरची माणसाची जागा तिला द्यावी लागते. कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या दीपाने ती दिली होती. बोअरचं खारं पाणी झाडाला सोसत नाही, म्हणून गेल्या पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलं होतं. पानांच्या टोकांना हिरव्या सुरया लोंबत. प्रत्येकीवर अर्धवट उघडं झाकण, तळाशी बोटभर चिकट पाणी. वाळ्याच्या ओल्या वासात त्या दिवसभर संथ डुलत, आणि समोर बसलेली आई, कांताबाई, त्यांच्याबरोबर डुले.

आईचं विसरणं हिवाळ्यात सुरू झालं होतं. हे झाड माश्या-मुंग्या खातं असं कळल्यावर तिने त्याला भरवायलाच घेतलं. लेकराला भरवतात तसं, भाताचं एकेक शीत कुणाच्या तरी नावाने. हा घास रामीबाईचा, हा घास संगीताचा. भाताने सुरई कुजते, असं दीपाने दोनदा सांगून पाहिलं. सुरई कुजली नाही. संध्याकाळी आत शीत नसे, पाणी नितळ असे.

मग रामीबाई, आईची सख्खी बहीण, भेटायला आली. आईने तिला गाव विचारलं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या संगीताला नाव विचारलं. नावं एकेक करून जातील, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. ती नावं घासांच्या क्रमाने जात होती, एवढंच दीपाला खटकत होतं.

रविवारी धाकटा भाऊ अतुल मारेगावहून येणार होता, वर्षभराने. आईने त्याला एकदा तरी ओळखावं, एवढंच दीपाला हवं होतं.

शनिवारी दुपारी आईने शीत उचललं. "हा घास अतुलचा."

दीपाने मनगट धरलं. "त्याचा नको, माय."

"काहून? साऱ्यायले भरवलं. त्यानंच उपाशी राहावं का?"

आईचे डोळे भरले. "मंग तू घाल."

दीपाला स्वतःची लाज वाटली. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे, हे ती दरवर्षी वर्गात सांगे. तिने शीत घेतलं, नाव स्पष्ट उच्चारलं आणि आत सोडलं.

पाण्यावर तरंग उठला नाही.

त्या दुपारी तिला लहानपणी लागायची तशी झोप लागली.

रविवारी अकराला दार वाजलं. एक माणूस पिशवी घेऊन उभा होता.

"आला का रे अतुल?" आई खुर्चीतून उठली. "किती हडकला. तिकडं खायले देत नाहीत का तुले?"

त्याने वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. कितीतरी दिवसांनी आई इतकी सावध बोलत होती. दीपाला बरं वाटलं. तिने पाणी आणलं.

"ताई, तू तं म्हनत होती, माय वळखनार नाई."

"बसा ना," दीपा म्हणाली. "आपण कुणाकडचे?"

तो हसला. मग हसायचा थांबला.

आईने दीपाच्या हातातला पेला काढून घेतला आणि समजावल्यासारखं हळूच म्हणाली, "भाऊ हाय तुहा."

दीपाने मान डोलावली. पाहुण्यासमोर आईला खोटं कसं पाडायचं?