दुसरा साक्षीदार

मोबाइल खाली ठेव रे ओम. आणि लाइट गेली तर जाऊ दे, बोंबलू नका. ऐकायचं तर गप ऐकायचं. मी थापा मारत नाही. ही आपल्या मोहिनीची गोष्ट आहे, माझ्या सख्ख्या भाचीची.

मोहिनी तेव्हा इथं नाशकात आमच्याकडे राहून एम.ए. करत होती. गेल्या वर्षीचंच म्हणतोय. धरणात बुडालेल्या गावांवर तिला शोधनिबंध लिहायचा होता. पुस्तकांत काही सापडेना. सर म्हणाले, माणसांच्या मुलाखती घे, रेकॉर्ड कर. पण एकट्या माणसाचं बोलणं पुरावा म्हणून चालणार नाही, तीच गोष्ट दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवी. तर कार्तिकातल्या अमावास्येला, दिवस मावळताना, मी तिला गाडीवरून इगतपुरीच्या अलीकडच्या एका वस्तीवर घेऊन गेलो.

ठमाबाई नावाची म्हातारी. पार टोकाला घर, एकटीच. आम्हाला बघून बिचारीला काय करू नि काय नको झालं. चहा झाला की परत चहा. म्हणाली, महिना महिना उंबऱ्याला माणसाचा पाय लागत नाय.

तिचा एकच धोशा. धरणाचं पाणी चढलं त्या रात्री तिचा नवरा नाहीसा झाला. गाव म्हणालं, बायकोला टाकून पळाला. तेव्हापासून ही टाकलेली.

"पळाले नाय गं ते," म्हणाली. "गाय दाव्यालाच राहिली व्हती. तिला सोडवाया मागं फिरले."

"कुणी पाहिलं का, आजी?"

"अंधारात कोन पाहनार?"

मोहिनी अवघडली. दुसरं कुणी सांगणारं मिळालं तरच लिहिता येईल, असं कसंबसं म्हणाली. म्हातारीचा चेहरा असा पडला... मला नाही बघवलं.

मग मोहिनीनं विचारलं, "मालकांचं नाव काय?" आता काय बोलावं या शिकलेल्या पोरींना! जुनी बाई नवऱ्याचं नाव घेईल का? तिच्या वतीनं शेजारचं पोर सांगतं, नाहीतर जाऊ सांगते. इथं सांगायला होतं कोण?

"मी कसं घेऊ, बाई," एवढंच म्हणून ती गप्प झाली. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच होतं. आम्हीही गप्प.

रात्री घरी येऊन मोहिनी ते ऐकून ऐकून लिहीत बसली. अकराच्या सुमारास माझ्या खोलीत आली. चेहरा पांढराफटक.

"मामा, हे ऐका."

ठमाबाईचा आवाज. "मी कसं घेऊ, बाई."

मग काहीच नाही...

मग मोबाइलच्या अगदी जवळून... पुरुषाचा आवाज. दम लागलेला.

"सहादू."

...

"गाय सुटली. मी नाय सुटलो."

हसू नको रे. माझा आवाज? अरे, माझ्या तोंडात तंबाखूचा बार होता, मी बोलणार कसा?

सकाळी उजाडताच परत गेलो. ठमाबाईला ऐकवलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, आणि नुसती त्या मोबाइलकडे बघत राहिली.

"तेच हायेत."

तिनं मोबाइलवरून हात फिरवला.

"मंग आता वाट नाय बघायची."

आणि कपाळावरचं कुंकू तिनं आपल्याच पदरानं पुसलं. आज येतील, उद्या येतील म्हणून चाळीसेक वर्षं लावत होती बाई. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

पुढं मोहिनी सरांना ऐकवायला गेली, तर तो आवाजच नाही. नुसती शांतता. सर म्हणाले, वगळ. पण पोरगी हट्टाला पेटली. लिहिलंच तिनं, सहादू पळाला नाही, बुडाला. आणि खाली आधार म्हणून ठमाबाईची मुलाखत.

महिन्याभरानं निबंधाची प्रत द्यायला आम्ही गेलो. म्हातारीनं दार उघडलं...

कपाळभर कुंकू.

तीच हळू म्हणाली, "मी नाय लावलं, पोरी. रोज रातच्याला पुसून निजते. सकाळी असतंच."

मोहिनीनं बोट लावून पाहिलं.

बोट ओलं झालं.