माईकचा खटका

माझ्या फोनचं मागचं झाकण नखानं निघतं. आत, बॅटरीच्या वरच्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढे खटके आहेत. एक रेंजचा, एक वायफायचा, दोन कॅमेऱ्यांचे, एक हेडफोनचा आणि एक माईकचा. टाचणीच्या टोकानं ते खालीवर करायचे. खटका खाली केला की त्या भागाची वीजच तुटते. मग आतली सिस्टीम कितीही लबाड असो, तिला काही ऐकू येणं शक्य नसतं.

मी धाराशिवला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून असल्या गोष्टींची आवड. या फोनची कुठली तार कुठं जाते ते सगळं बनवणाऱ्यांनी उघड करून ठेवलंय. त्यावर चालणारी सिस्टीम जगभरातल्या हौशी मंडळींनी फुकटात बसवलीय, आणि तिच्या मराठीकरणात थोडा हात माझाही आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ताप भरपूर असतो. गजर मनात आलं तर वाजतो. यूपीआय चालत नाही, म्हणून भाजीसाठी खिशात चिल्लर बाळगावी लागते. बॅटरी दुपारीच मान टाकते.

"तुमचा फोन म्हणजे नुसती शोभा," माझी बायको शिवांजली म्हणते. "अडीनडीला माझाच लागतो."

खरं आहे तिचं. पण आपलं बोलणं आपल्या परवानगीशिवाय कुणी ऐकू नये, एवढा एकच हट्ट मी आयुष्यात धरलाय. माईकचा खटका मी कायम खाली ठेवतो. बोलायचं असेल तेव्हाच वर करतो.

अव्वा, म्हणजे माझी आई, मुरूमला एकटी राहते. अप्पा गेल्यावर तिला इकडं आणायचा खूप प्रयत्न केला, पण फ्लॅटात तिचा जीव रमत नाही. तिच्याकडं बटणांचा साधा फोन आहे. कॉल आला की तो नाव बोलून दाखवतो. शेजारच्या नीलम्मामावशी रात्री तिच्या सोबतीला झोपायला जायच्या, त्यामुळं मी निर्धास्त असायचो.

अव्वाची एक खोड होती. पहिल्यांदा फोन वाजला की ती उचलायचीच नाही. वाजून बंद होऊ द्यायची आणि पुन्हा वाजला तरच घ्यायची. आमच्याकडची जुनी माणसं दारावरच्या हाकेचं असंच करतात. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल, दुसरं काही असेल तर मारणार नाही. अव्वानं तोच नियम फोनला लावला होता. माझा फोन मात्र एक कॉल सुटला की पेंगायला लागायचा, रेंज सोडून द्यायचा, आणि दुसरा कॉल लावेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला यायचा. उन्हाळ्यात एकदा मी चिडलो.

"अव्वा, पहिल्यालाच उचल की गं. फोन सांगतोय ना माझं नाव?"

"सांगतोय की. पर तूच हाईस कशावरनं?"

"अगं, फोन हाय तो. दार न्हाय."

"तू म्हणतोस तर उचलते बाबा," म्हणाली. त्या दिवसापासून ती पहिल्याच रिंगला उचलायला लागली आणि आपण आईला चार गोष्टी शिकवल्या म्हणून मी खूश झालो.

दसऱ्याच्या सुमारास सिस्टीमचं नवं अपडेट आलं. ते चढवलं आणि संध्याकाळी अव्वाला फोन लावला. ती भरभरून बोलली. सोयाबीनची रास झाली, कुणाची म्हैस व्याली, मग माझ्या खोकल्याची चौकशी. फोन ठेवून झाकण उघडलं तर माईकचा खटका खालीच. मला हसू आलं. म्हातारी बिचारी एकटीच बोलत बसली म्हणायची! ऐकायला कमी येतं, म्हणून अंदाजानं ठोकून दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी खटका आठवणीनं वर करून फोन लावला.

"काल लई बोललास रं," अव्वा म्हणाली. "लेकराचा आवाज ऐकून जीव कसा गार झाला. आज काऊन घाईत हाईस?"

मी विज्ञानाचा माणूस. शंका आली की ती तपासायची. रविवारी सकाळी खटका खाली केला आणि शिवांजलीच्या फोनवर कॉल लावला. ती स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी राहिली. मी बाहेरच्या खोलीत मोठ्यानं पाढे म्हटले. तिला फोनमधून श्वाससुद्धा ऐकू आला नाही. तिनं येऊन स्वतःच्या डोळ्यांनी खटका पाहिला. मग तसाच अव्वाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि आम्ही दोघं तोंड मिटून बसलो.

"बोल रे बाळा," अव्वा म्हणाली.

आम्ही गप्प.

"व्हय, झाली की न्याहारी. भाकर आन् पुंडीची भाजी."

मध्ये थोडी शांतता. समोरचा बोलत असताना आपण थांबतो, तेवढीच.

"न्हाय रे, एकटीच हाय. नीलम्मा न्हाय येत आता झोपाया. तूच म्हणालास की, नगं म्हणून सांग तिला."

शिवांजलीनं माझ्याकडं पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"कडी घातलीया. व्हय, मागल्या दाराला बी."

पुन्हा शांतता. ही जरा लांबली. मग अव्वाचा आवाज रडवेला झाला.

"ते मातुर नगं सांगू बाबा. लिंग कसं काढू गळ्यातलं? तुझे अप्पा मातीत बी संगं घेऊन गेले."

आम्हा लिंगायतांत गळ्यातलं चांदीच्या डबीतलं लिंग मेल्यावरही उतरत नाही. मी स्वतः शिकायला बाहेर पडलो तेव्हाच माझं काढून देवघरात ठेवलं, पण अव्वाला तसं कर म्हणायची माझी कधी छाती झाली नसती. मला भीती वाटली. टाचणी सापडेना, म्हणून नखानंच खटका वर ढकलला आणि ओरडलो.

"अव्वा! मी गौरीशंकर बोलतोय! काही काढू नको! त्याचं ऐकू नको!"

मग अव्वानं हलक्या आवाजात विचारलं. मला नाही.

"गौरी, हे मधीच कोण बोलायलंय रे?"

तिनं उत्तर ऐकून घेतलं.

"बरं. न्हाय बोलत त्येच्याशी."

कॉल कटला. पुन्हा लावला तर अव्वा दुसऱ्या कॉलवर असल्याचं सांगणारी बाई तेवढी बोलत राहिली. नीलम्मामावशींचा फोन बंद होता. आम्ही अंगावरच्या कपड्यानिशी गाडीत बसलो.

नळदुर्ग मागं पडल्यावर शिवांजलीनं माझा फोन उचलला. झाकण काढलं, बॅटरी उपसली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"आता कसा बोलतो बघू," ती म्हणाली. तिनं आपल्या फोनवरून अव्वाला कॉल लावला. अव्वा अजून दुसऱ्या कॉलवरच होती.

येणेगूरहून आत वळलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं, त्यावर कोंबड्या, कुठल्यातरी घरात टीव्ही लागलेला. मुरूममध्ये सगळं रोजच्यासारखं होतं. मला त्याचाच राग आला. गल्लीत नीलम्मामावशी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या. लसूण ओटीतून खाली सांडला.

"तू बाहीर कवा आलास?"

"मी आत्ताच येतोय, मावशी. धाराशिवहून."

त्यांनी आमच्या घराच्या दाराकडं पाहिलं.

"मग सकाळधरनं आत कोण बोलायलंय?"

लोखंडी दार आतून बंद होतं. शिवांजलीनं माझा हात धरला. मी दाराला कान लावला. आत अव्वाचा आवाज होता, पण शब्द लागत नव्हते. लहान मुलाची समजूत काढताना लागतो तसा मऊ सूर.

"अव्वा, दार उघड."

आतलं बोलणं थांबलं.

"अव्वा, मी आलोय गं. शिवांजली पण आलीय."

स्टीलच्या ताटलीत चांदीचं काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

मी दारावर मुठी आपटल्या, लाथा घातल्या. कडी हलली नाही. "अव्वा, एकदा बोल माझ्याशी," मी म्हणालो. मी रडत होतो. नीलम्मामावशी ओट्यावरूनच शिवशिव म्हणत होत्या. खाली यायला तयार नव्हत्या.

आतून अव्वाचा आवाज पुन्हा आला नाही.

माझा आला.

आपलाच आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो. हा वाटला नाही. दाराला अगदी लागून, शांतपणे, तो बोलला.

"शिऊ."

शिवांजलीला या नावानं मी फक्त आमच्या खोलीत हाक मारतो. अव्वालाही ते माहीत नाही.

"शिऊ, तू बाहीर कुणासंगं उभी हाईस?"

शिवांजलीनं वळून माझ्या तोंडाकडं पाहिलं. कपाळ, डोळे, हनुवटी, सगळं सावकाश तपासून पाहिलं. मग तिनं माझ्या हातातून आपला हात काढून घेतला आणि माझ्यापासून लांब, दाराच्या बाजूला सरकली.