जुन्या कोर्टाच्या दारातला पुकारा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. गुरुनाथ माझा सख्खा मावसभाऊ. त्याच्यावर जे गुदरलं, ते जसंच्या तसं सांगतो.

साल २००२. नोव्हेंबरातली संध्याकाळ. अमेरिकेत, व्हर्जिनियातलं एक जुनं कोर्ट. काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव मुद्दामच सांगत नाही.

गुरुनाथ मूळचा नागपूरचा, तिथल्याच हर्नडन गावात एका कंपनीत कामाला. बायको नीलांबरी व्हिसासाठी नागपुरात अडकलेली. घरी गेलं की समोर रिकाम्या भिंती आणि मायक्रोवेव्हमध्ये कालचा भात. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. फार एकटा पडला होता बिचारा. नीलांबरी यावी, घरात आपल्याला कुणीतरी हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं.

त्याच्या कंपनीला शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसच्या वेबसाइटचं काम मिळालं. त्यात त्या ऑफिसचा इतिहासही टाकायचा होता. जुन्या कोर्टात मांडून ठेवलेल्या वस्तूंचे फोटो काढायला गुरुनाथला पाठवलं. किल्ली डेल नावाच्या म्हाताऱ्याकडे असायची. तो शेरीफच्याच खात्यातून रिटायर झालेला, भलताच बोलका माणूस.

डेल त्याला एकेक वस्तू दाखवत फिरला. शेरीफ हे पद इंग्लंडातून आलेलं. तिथे अजूनही काउंटीला हाय शेरीफ असतो. मखमली कोट, कमरेला तलवार, सगळा थाट शोभेचा. गुरुनाथला आपले मुंबईचे नगरपाल, म्हणजे तिथले नावापुरते शेरीफ, आठवले आणि हसू आलं.

पूर्वी मात्र त्यात शोभेचं काही नव्हतं, डेल म्हणाला. शेरीफ म्हणजे राजाचा माणूस. त्याच्या नावाने कोर्टाच्या दारात पुकारा व्हायचा, आपल्याकडे पट्टेवाला करतो तसाच.

मग डेल मागच्या दाराने कॉफी आणायला गेला.

गुरुनाथ एकटाच उरला.

बाहेर अंधारून आलं होतं. नोव्हेंबरात तिकडे ऑफिस सुटायच्या आत काळोख पडतो.

आधी रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज बंद झाला.

मग हीटरची घरघर थांबली.

आणि मग... पुढच्या दाराबाहेरून हाक आली.

“गुरुनाथ...”

तो दचकला. ऑफिसात सगळे त्याला ‘गुरू’ म्हणत. पूर्ण नाव तिथे कुणाच्या जिभेला वळत नसे. इथे तर अगदी शेवटच्या ‘थ’सकट स्वच्छ हाक आली होती.

मावशी आम्हाला लहानपणी बजावायची, दिवेलागणीला कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. तीन हाका होऊ द्याव्यात. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक माणसाची.

गुरुनाथ गप्प राहिला.

“गुरुनाथ...”

या वेळी जवळून.

त्याच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी कुणी त्याला पूर्ण नावाने बोलावत होतं. आता तिसरी हाक आलीच नाही तर, याचीच धास्ती त्याला जास्त वाटली.

शांतता...

“गुरुनाथ.”

तिसरी. म्हणजे माणूसच. त्याचा जीव भांड्यात पडला.

“ओ. आलो,” तो म्हणाला आणि त्याने दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. पायऱ्यांवर वाळकी पानं पडली होती, त्यातलं एकही चुरडलेलं नव्हतं. त्याचा उजवा खांदा मात्र एकदम जड झाला. कुणीतरी हात ठेवावा तसा.

थोड्या वेळाने डेल आला. गुरुनाथने त्याला विचारलं, मला कुणी बोलावलं का?

डेलने हातातले कप खाली ठेवले.

“तू ओ दिलीस?”

“तीन हाका झाल्यावर दिली.”

“इथे आम्हा सगळ्यांची नावं पुकारून झालीत, पोरा,” डेल हळूच म्हणाला. “आम्ही कुणी ओ देत नाही. शेरीफचा पुकारा तीनदाच होतो. तिसऱ्याला जो हजर होतो, तो त्याच्या ताब्यात जातो.”

आणि तो सोडतो कधी, असं गुरुनाथने विचारलं. डेलने दाराला कुलूप घातलं.

मार्चमध्ये नीलांबरी आली. गुरुनाथ विमानतळावर लहान मुलासारखा रडला.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, “अहो...”

त्याने मान वळवली नाही.

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण रोज तेच होऊ लागलं. त्याला फोन ऐकू येई, कुकरची शिट्टी ऐकू येई. समोर बसून बोललं की नीट उत्तरं देई. हाक तेवढी ऐकू येत नसे. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

एका संध्याकाळी ती त्याच्या मागे उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याचं नाव घेतलं. आधी हळू. मग मोठ्याने. मग रडत.

तो टीव्ही बघत बसला होता.

मग... तिने काही न म्हणताच, त्याने दाराकडे तोंड केलं.

“ओ. आलो,” म्हणाला, आणि बूट घालू लागला.

नीलांबरीने त्याला मिठी मारून धरून ठेवलं. खूप वेळ तो तिला ओढत दाराकडे जात होता.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. अंधार पडू लागला की ती आतून कुलूप लावते आणि त्याचा हात घट्ट धरून सोफ्यावर बसते. मध्यंतरी फोनवर मला म्हणाली, “भाऊजी, इथे आल्यापासून मी याच माणसाजवळ बसलेय. पण मला कधीकधी वाटतं, मी अजून नागपुरातच त्यांची वाट बघतेय.”

फोनवर मागून त्याचा आवाज आला. तो कुणाला तरी ओ देत होता.