यंत्रमावशीचा आवाज

संशोधन नौकेवर डॉ. यशोधन केळुसकर पडद्याकडे बघत होता. बघत होता, एवढंच. बायको, चित्रा, गेल्यापासून त्याचं जेवण, झोप, संशोधन सगळं असंच नुसतं चाललं होतं.

पडद्यावर देवमाशाचं पिल्लू यंत्रमावशीला चिकटून पोहत होतं. देवमाशाची मादी भक्ष्यासाठी खोल बुडी मारते. तान्ह्याला तेवढं खोल जाता येत नाही, म्हणून कळपातली दुसरी मादी त्याला वर सांभाळते. हल्ली कळप विरळ झाले, सांभाळायला कोणी उरलं नाही. मग माणसानं आपलं शहाणपण पाजळलं आणि यंत्र सोडलं. पिल्लू बावरू नये म्हणून यंत्र त्याला आईच्या आवाजाची हुबेहूब स्वरप्रतिमा ऐकवायचं. यशोधननंच ते बांधलं होतं.

काल पिल्लाची आई जाळ्यात अडकून मेली.

"दुसऱ्या कळपातली मादी आली आहे," त्याच्या वरिष्ठ डॉ. रुबीना पारकर म्हणाल्या. "पान्हा आहे तिला, पाजायलाही तयार आहे. पण हे शहाणं ढुंकून बघत नाही!"

"भूक लागली असेल ना?"

"अरे, आवाज येतोय, म्हणजे आई जवळच आहे असं वाटतंय त्याला. मग परकीकडे कशाला जाईल? तुझं यंत्र उत्तम चाललंय, तोच तर घोळ आहे."

"बंद केलं तर घाबरेल."

"घाबरू दे. ओरडेल, मग ती घेईल जवळ."

त्यानं आवाज बंद केला. पिल्लानं आकांत मांडला. मादी खालून वर आली, त्याच्या अंगाला अंग घासत राहिली. बऱ्याच वेळानं ते तिच्या पोटाशी गेलं.

"लागलं बाई एकदाचं!" रुबीनांनी डोळे पुसले. "माय मरो पण मावशी उरो, म्हणतात ते खोटं नाही."

यशोधनला काहीच वाटलं नाही.

त्यानं रोजच्यासारखा घरी फोन लावला. लेकीला सांभाळणाऱ्या मेव्हणी शुभदानं उचलला.

"भावोजी, रेवा आजही माझ्या हातून घास घेत नाही हो. उचललं की पाळण्याकडे झेपावते. मी काय वाईट करते तिचं?"

तिच्या मागे पाळण्यातून चित्रा अंगाई म्हणत होती. ती स्वरप्रतिमाही त्यानंच बांधलेली. तो रोज फोन करायचा, तोही खरं तर ती ऐकायलाच.

"शुभदा, फोन जरा पाळण्याजवळ धर."

अंगाई संपेपर्यंत तो ऐकत राहिला.

"पाळण्यामागे एक बटण आहे. दाब ते."

"अहो, पण ताईचा आवाज..."

"दाब."

चित्राचा आवाज थांबला. क्षणभरानं रेवानं टाहो फोडला. चित्रा गेली त्या दिवशीही न आलेलं रडू आता यशोधनला फुटलं.

"घे तिला," तो कसाबसा म्हणाला. "आता येईल ती तुझ्याकडे."