नव्हे-दहा

"नऊजण खोळंबलेत रे बाहेर, लाइझर! नुसता येऊन उभा तरी राहा..." फ्रुमा कळवळून म्हणाली.

"आणि ज्या देवाला मानत नाही, त्याच्यापुढे सोंग करू?" धाकटा भाऊ खुर्चीतून हलला नाही. "मी माणूस आहे ताई, कळपातलं दहावं मेंढरू नाही!"

ह्याला डॉक्टर करण्यासाठीच तर तिने ठरलेलं लग्न मोडलं, वीस वर्षं शिवणयंत्रावर पाठ वाकवली... आणि परवा मरणाच्या दारातल्या बाबांचा हात हातात धरून तीच खोटं बोलली होती, "लाइझर म्हणेल तुमच्यासाठी कादिश!" दहा पुरुष जमल्याशिवाय मुलाने मृत बापासाठी म्हणायची ती प्रार्थना म्हणता येत नाही. कालच्या दफनाला तो पोचलाच नव्हता, आणि उद्या पुन्हा विल्नो शहराला निघणार होता.

बाहेर प्रार्थना चालवणारे म्हातारे रेब गेत्सल माणसं मोजत होते. माणसं सरळ मोजली की दृष्ट लागते असं यहुदी मानतात, म्हणून ते म्हणत होते, "नव्हे-एक, नव्हे-दोन..." नव्हे-नऊवर ते थांबले.

लाइझर ताडकन उठून दारात गेला. "घ्या, नव्हे-दहा मी! अगदी खराखुरा 'नव्हे'! ना देव माझा, ना तुमची जमात!"

"अरे बाबा, तुझं मत विचारलंय कोणी?" रेब गेत्सल म्हणाले. "तुझा बाप नऊवर अडलाय, एवढंच सांगतोय."

लाइझरचा चेहरा उतरला. त्याने वळून बहिणीकडे पाहिलं... पिकलेले केस, सुयांनी टोचलेली बोटं!

"मी उभा राहतो," तो अडखळत म्हणाला. "पण ते शब्द माझ्या तोंडी खोटे आहेत. या घरासाठी जन्म झिजवला तो ताईने. तीच म्हणेल!"

"बाईमाणूस?" म्हाताऱ्यांत कुजबुज उठली. रेब गेत्सलांनी दाढी खाजवत पुन्हा एकदा माणसं मोजली.

"पुरुष दहा झालेत," ते शेवटी म्हणाले. "म्हण पोरी."

आयुष्यभर दाराआडून ऐकलेले ते शब्द फ्रुमाला तोंडपाठ होते; तिने म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ संपली. ओळीनंतर सगळ्यांनी द्यायचं ते उत्तर कुणीच देईना! सगळे खाली मान घालून उभे. ती एकेकाकडे पाहू लागली...

"आमेन!" कुणीतरी रडत, मोठ्याने म्हणालं.

तो लाइझर होता.