आत्यानं धरलेलं काजळ

अमरावतीच्या त्या काळ्या पडद्यांच्या प्रयोगशाळेत प्रियदर्शनीचा आनंद गगनात मावेना. कार्बनच्या नॅनोनळ्यांपायी चार वर्षं डोक्याचा भुगा झाला होता. केसाहून हजारो पट बारीक नळ्या. प्रकाश पडला की त्यांतून वीज किती वाहते, ते मोजायचं. एकही नमुना धड चालेना. आणि चालला कोणता? घरच्या काजळाचा! त्या काजळीतही तशाच नळ्या निघाल्या.

भावाच्या मुलीचं बारसं अकोल्याला झालं. काजळ आत्यानं धरायचं, ही घरची रीत. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं धरून तिनं काजळ धरलं. निम्मं बाळाच्या डोळ्यांत घातलं, निम्मं बाटलीत खरवडून घेतलं.

"लेकराच्या वाट्याचं नेऊ नाई, पोरी," आई, भागीरथाबाई, म्हणाली होती.

"काजळीच तं हाय ते, आई!"

रोज सकाळी अकराला ती डबीतल्या नमुन्यावर लेझर सोडायची. यंत्राच्या पडद्यावरची विजेची रेघ झटकन वर जायची. फक्त एक खोट होती. लेझर नसताना, खोलीच्या साध्या उजेडातही रेघ अधूनमधून क्षणभर खाली यायची, पापणी लवावी तशी. तिनं तारा बदलल्या, यंत्र बदललं. छे! पण आकडे झकास होते आणि प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. तिनं काणाडोळा केला.

आठव्या दिवशी लेझर चालू असतानाच भावाचा, अश्विनचा, फोन आला. मागे पोरगी जिवाच्या आकांतानं रडत होती.

"ताई, रोज अकरा वाजले का अशीच बोंबलते. डोये गच्च मिटून घेते. अन् सांज झाली का दिव्याकडं पाहतच नाई. डाक्टरले काई समजून नाई राह्यलं."

तिनं लेझर बंद केला.

रडणं थांबलं.

योगायोग, तिनं स्वतःला बजावलं. तरी खात्री करायला तिनं नमुन्याच्या डबीला झाकण लावलं.

"ताई..." अश्विनचा आवाज उतरला. "डोये उघडे हायेत हिचे. तोंडासमोर बॅटरी धरली. पाहूनच नाई राह्यली व!"

तिनं झाकण ओढून काढलं, वाकून डबीत पाहिलं.

"हासली!" अश्विन ओरडला. "पण वर पाहून हासते. तिथं तं कोनीच नाई."

ती डबीपाशीच बसून राहिली. नमुना फेकावा? धुवावा? नुसत्या विचारानं तिला रडू फुटलं. प्रबंध गेला खड्ड्यात. बसल्या बसल्या, डबीभोवती हात ठेवून, तिचा डोळा लागला.

संध्याकाळी साडेपाचला शिपाई नत्थुजी दारात आले. काळ्या पडद्यांमागे कोणी आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. रोजच्यासारखा त्यांनी दिव्याचा खटका बंद केला.

काळोखात फोन वाजू लागला. अश्विनचा होता.