खानवेलच्या माथ्यावरची पाखरं

"शू... हलू नका!"

खानवेलच्या टेकडीवर, रविवारी सकाळी, एका अनोळखी माणसानं मला दटावलं, आणि मी खरंच थांबले.

मी शीतल. दापोलीहून सिल्वासाच्या शाळेत शिकवायला आलेली. घरची आठवण आली की जंगलात भटकायची. तो ललित. शिरपूरचा, नरोलीला कापडाच्या कारखान्यात. गळ्यात दुर्बीण, हातात वही.

"उडाला," तो म्हणाला. "हळद्या होता."

"मग आता हलू?"

तो लाजला. लाजलेला छान दिसला...

ललित पक्षी मोजायचा – नदीकाठी, मधल्या उतारावर आणि माथ्यावर. उंची बदलली की पाखरंही बदलतात, म्हणाला. खाली वेडे राघू, बुलबुल. मधे सुतार, हळद्या. "वर मात्र फारसं काही नाही."

थंडीभर मी दर रविवारी जाऊ लागले. पक्ष्यांसाठीच – असं मैत्रिणीला सांगायचे. आईनं माझ्यासाठी रत्नागिरीचं एक स्थळ बघितलंय, हे मात्र ललितला सांगून टाकलं होतं.

माघातल्या एका सकाळी आम्ही माथ्यावर बसलो होतो.

"आज पण चारच जाती," ललित म्हणाला.

"चार? अहो, डोक्यावर केवढी टिकटिक चाललीय!"

"कुठं?"

मी बोट दाखवलं. दाट पानांत अंगठ्याएवढा फुलटोच्या. पलीकडे शिंजीर...

त्यानं दुर्बीण लावली आणि सावकाश खाली घेतली.

"मला नाही ऐकू आलं. सहा वर्षं मागांच्या खडखडाटात गेली ना... बारीक आवाज येतच नाहीत आता. डॉक्टर बोलले, येणार पण नाहीत." त्यानं वही मिटली. "म्हणजे तीन वर्षांची मोजणी चुकली."

"चुकली नाही, अपुरी राहिली. मी ऐकते, तुम्ही ओळखा."

त्या दिवशी माथ्यावर अकरा जाती निघाल्या.

 उतरल्यावर खानवेलच्या बसथांब्यावर तो म्हणाला, "मॅडम, ते रत्नागिरीचं स्थळ... कधी येतंय?"

"येत्या रविवारी."

"मग आईंना अजून एक स्थळ सांगा ना. शिरपूरचं. कान कमजोर आहेत – ते आधीच सांगा, लपवायचं नाही."

"मुलाला मुलगी पसंत आहे?" मी विचारलं.

"खूप... बोलायची हिंमत नव्हती."

मी तिथंच फोन लावला.

"आई, रत्नागिरीकरांना नको म्हणून कळव."

पलीकडून तिनं भराभरा काय काय विचारलं. ललित कावराबावरा होऊन माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हो गं, आवडतो," मी आईला म्हणाले – पण त्याच्याकडे बघून.